आजीच्या आवाजाची सीडी

कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण, आठ दिवसांवर आल्या होत्या आणि नानांना आजीची गाणी हवी होती. आजी २०११ ला गेली. त्याच्या दोन वर्षं आधी अमळनेरच्या एका स्टुडिओवाल्याकडून तिची अहिराणीतली कानबाईची गाणी रेकॉर्ड करून घेतली होती. ती एवढी एकच सीडी. घरातला सीडी प्लेयर कधीच भंगारात गेलेला, उरला जुना डेस्कटॉप.

सीडी टाकली तर 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हच नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ड्राइव्ह गेला, नवीन टाका. मला ते पटेना. बटण दाबलं की ट्रे बाहेर येत होता, आत गेल्यावर सीडी घरघरत फिरत होती. पण त्यावरून फक्त वीज पोहोचतेय एवढंच कळतं. म्हणून बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) उघडून पाहिलं, तिथे ड्राइव्हचं नाव होतं. म्हणजे डेटा केबलही ठीक. अडत होतं ते विंडोजमध्ये.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हपुढे पिवळा त्रिकोण, आत 'कोड ३९'. शोधताशोधता कारण हाती लागलं. सीडी बर्न करण्याची सॉफ्टवेअर्स ड्राइव्ह चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, वर-खाली आपले छोटे फिल्टर ड्रायव्हर बसवतात आणि त्यांची नावं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लिहून ठेवतात. असं एक सॉफ्टवेअर मी मागेच काढून टाकलं होतं. फाइल गेली, नाव तसंच राहिलं. विंडोज त्या नावाची फाइल शोधायचं, ती सापडायची नाही आणि अख्खा ड्राइव्हच बंद ठेवायचं.

रजिस्ट्रीत बदल करायचं रेगएडिट उघडलं. करंटकंट्रोलसेटच्या कंट्रोलमध्ये 'क्लास' आहे, त्यात लांबलचक आकड्यांच्या किल्ल्यांची, म्हणजे नोंदींच्या कप्प्यांची, रांग. सीडी-रॉमची किल्ली '४डी३६ई९६५'ने सुरू होते, कीबोर्डची '४डी३६ई९६बी'ने. फरक शेवटच्या एका अक्षराचा! कीबोर्डच्या किल्लीतही 'अपरफिल्टर्स' (फिल्टर ड्रायव्हरांची नावं असलेली नोंद) असतं आणि ते उडवलं तर कीबोर्डच बंद पडतो. मी बोट ठेवून तीनदा वाचलं, उजवीकडे 'सीडीरॉम' लिहिलंय याची खात्री केली आणि आधी ती किल्ली एक्स्पोर्ट करून, म्हणजे तिची प्रत काढून, ठेवली. ही पायरी कोणीही गाळू नये. मग 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या दोनच नोंदी पुसल्या आणि मशीन रीस्टार्ट केलं.

ड्राइव्ह दिसला! नाना दारातूनच म्हणाले, "लागनी का रे भाऊ?"

अजून नव्हती लागली. मी घाईने सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर कॉपी केल्या, तर एकेक फाइल जेमतेम १ केबीची. ऑडिओ सीडीवरच्या '.सीडीए' फाइली म्हणजे नुसता पत्ता, कोणतं गाणं कुठे सुरू होतं एवढंच सांगणारा. आवाज त्यात नसतो. तो मीडिया प्लेयरमधून रिप करून, म्हणजे सीडीवरून वाचून नव्या ऑडिओ फाइलीत, काढावा लागतो. सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसली (गोल गोल पुसू नये) आणि रिप लावलं. नऊ गाण्यांपैकी आठ स्वच्छ निघाली, नववं मध्येच तुटतं.

पहिलं गाणं लावलं. सुरुवातीला आजी खोकते, मग कुणाला तरी "पानी दे वं" म्हणते. स्टुडिओवाल्याने ते कापलं नव्हतं, हे किती बरं झालं. नाना खाटेवर टेकले. "मन्ही मायना आवाज," एवढंच म्हणाले.

श्रावणातल्या त्या रविवारी कानबाई बसल्या तेव्हा रोटांच्या पुरणाचा वास घरभर होता आणि आजी गात होती.