कळशीच्या ताटलीत

रविवार, रात्र

आज किराणा दुकानातल्या काट्यावर माझी मांजर, कळशी, 3 किलो 120 ग्रॅम भरली. गेल्या दिवाळीत 4 किलो 200 होती. दुकानदारकाका दर रविवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तिला पिशवीसकट काट्यावर ठेवू देतात, पिशवीचं वजन वजा करतात आणि आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून हातात देतात. आज लिहिता लिहिता थांबले. "मॅडम, लेकरू लई वाळूलालंय की," म्हणाले. मी काहीच बोलले नाही. पिशवीची चेन लावली आणि घरी आले.

दादानं पुण्याहून पाठवलेलं खोकं टेबलावर तसंच पडलंय. त्यात माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, 'किडनीसाठी' म्हणून एक हिरवट पावडर आणि जीवनसत्त्वांचे थेंब. फोनवर म्हणाला, "काहीतरी दे गं तिला, नुसती बघत बसू नकोस." त्याचं म्हणणं रात्रभर डोक्यात घोळणार, हे तेव्हाच कळलं होतं.

सोमवार

कळशी 2016 च्या उन्हाळ्यातली. मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पाणी घेऊन यायची ते दिवस. आमच्या गल्लीत टँकरसाठी रात्रीच भांडी रांगेत लावून ठेवायचो. एका पहाटे माझी कळशी उचलली तर आतून आवाज आला. मुठीएवढं पिल्लू, डोळे चिपडांनी बंद. आडव्या कळशीतच झोपलं होतं. नाव शोधायला लागलंच नाही.

त्या टंचाईतली ही, आणि आता दिवसभर पाणी पिते. आधी आत्याबाईंच्या लक्षात आलं. "ही लई पाणी पिऊलाली की गं," असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या, आणि मी उन्हाळ्यावर ढकललं. तिच्या ट्रेमधल्या वाळूचे गोळे लिंबाएवढे असायचे, ते मोसंबीएवढे झाले तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. न्हाणीघरातल्या बादलीच्या काठावर पुढचे दोन पाय ठेवून ती पाच-पाच मिनिटं लपलप पीत राहायची. मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येईना की पाणी शरीरात टिकत नाही, आणि मांजर पीतच राहतं. तहान ही तिची तक्रार होती. मला ती ऐकू यायला तीन महिने लागले.

उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, 3.1 निघालं, फॉस्फरस 5.9. मूत्रपिंडाच्या आजाराच्या चार टप्प्यांपैकी तिसरा. मूत्रपिंडांचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वर येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते. कळशी टेबलावर अंग चोरून बसली होती. तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तंबूसारखी उभी राहिली आणि हळूहळू खाली गेली.

मंगळवार, शाळेतून आल्यावर

हे लिहिलंच पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाचं मांजर त्यात सापडू नये.

रोग कळण्याआधी, ती नुसती वाळतेय एवढंच दिसत होतं तेव्हा, एका दुकानातून 'अशक्तपणासाठी' एक सिरप आणलं होतं. दुकानदारानं काही न विचारता दिलं, मीही काही न विचारता घेतलं. अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ सिरिंजनं पाजलं. ती जबडा घट्ट मिटायची, पंजानं माझं मनगट ढकलायची, आणि मी म्हणायचे, बाळा, तुझ्याच चांगल्यासाठी आहे. उदगीरला डॉक्टरांनी बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली: कॅल्शियम, फॉस्फरस, जीवनसत्त्व ड. बाटली माझ्याकडे सरकवली आणि एवढंच म्हणाले, "हे आजपासून बंद."

मूत्रपिंडं थकली की फॉस्फरस बाहेर पडत नाही, रक्तात साठतो, आणि त्यानं उरलेली मूत्रपिंडंही लवकर खराब होतात. या रोगात कमी करायची पहिली गोष्ट तीच. ती मी चमच्यानं मोजून तिच्या पोटात घालत होते. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर कॅल्शियम वाढतं, तेही वाईटच. तेव्हापासून 'टॉनिक' या शब्दाचा मला राग येतो. टॉनिक असं काही नसतं. बाटलीत काय आहे आणि या जनावराला आज त्यातलं काय कमी पडतंय, एवढंच असतं.

बुधवार

जवसावरून घरात चर्चा. आत्याबाईंचा जन्म औशाकडचा, जवसाच्या चटणीशिवाय त्यांचं जेवण होत नाही. "म्हशीला पेंड घालूलालो तर दूध वाढायचं, कांती चमकायची. हिला चिमूटभर कूट घातलं तर काय बिघडूलालंय?" विचार प्रेमाचाच होता. पण माणसाचं शरीर जवसातल्या ओमेगा-3 या चरबीचं थोडंफार तरी रूपांतर करतं, मांजराला ते जवळजवळ जमतच नाही. तिला माशाच्या तेलातलं तयार ओमेगा-3 लागतं. मांजराचं शरीर मांसावरच घडलंय. हे समजावल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मग मांसच खाणारी जात आहे, आपण काय वरण-भात लावलाय." आणि विषय संपला. सुकट मात्र आता घरात आणायची नाही असं ठरलं, कारण वास आला की ती ओट्याखाली येऊन बसते आणि सुकटीत मीठही आहे, फॉस्फरसही.

शेजारच्या मावशींनी गोखरू-पुनर्नव्याचा काढा सुचवला. त्यांच्या दिरांना मुतखड्यात गुण आला होता. नाही म्हणताना जीव जड झाला, मावशी रोज कळशीची चौकशी करतात. पण मांजराचं यकृत कितीतरी गोष्टी माणसासारख्या पचवून बाहेर टाकू शकत नाही. आपल्याला ताप आला की घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. कांदा-लसूणही तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मग ज्या काढ्याचं मांजराचं माप कुणी ठरवलेलं नाही, तो मी कुठल्या हिमतीवर पाजू?

गुरुवार, रात्री उशिरा

आज मी चूक केली.

दादाच्या पावडरीच्या डब्यावर वनस्पतींची लांबलचक यादी आहे, पण कुठली किती ते लिहिलेलं नाही. तरीही, डॉक्टरांना न विचारता, पाव चमचा तिच्या नव्या खाण्यात कालवली. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजरांसाठीचं ते कमी फॉस्फरसचं खाणं तिच्या गळी उतरवायला मला तीन आठवडे लागले होते. जुन्या खाण्यात एक चमचा नवं, मग दोन, मग निम्मं. आज ताटली पुढे ठेवली. ती आली, नाक खाली नेलं, मिशा मागे ओढल्या. मग उजव्या पंजानं ताटलीभोवतीची फरशी ओरबाडायला लागली, ट्रेमध्ये घाण झाकते ना, अगदी तशी. एकदा माझ्याकडे बघितलं आणि कपाटाखाली गेली.

दुसऱ्या ताटलीत तेच खाणं पावडरीशिवाय दिलं. तेही नको. आता तिच्या लेखी ते खाणंच वाईट झालं. रात्री अकरापर्यंत पोटात काही नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून वेगळंच संकट उभं राहतं, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं. 'नुसती बघत बसू नकोस' हे मनाला इतकं लागलं होतं की काहीतरी घालायची घाई मलाच झाली होती. तिनं काही मागितलं नव्हतं.

पावणेबाराला उकडलेल्या कोंबडीचं कोमट पाणी, बिनमिठाचं, बोटावर घेऊन तिच्या ओठाला लावलं. चाटलं. मग त्याच पाण्यात नवं खाणं पातळ करून बशीत, ताटलीत नाही. सतरा ग्रॅम खाल्लं. मी फरशीवरच बसून होते.

शनिवार

उदगीरच्या डॉक्टरांशी फोनवर सविस्तर बोलले. खोक्यातलं सगळं एकेक वाचून दाखवलं. त्यांनी घाई केली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

पावडर बंद. जीवनसत्त्वांच्या थेंबांत ड आहे म्हणून तेही बाजूला. ब गटाची जीवनसत्त्वं मात्र पाण्यात विरघळतात आणि एवढ्या लघवीवाटे वाहून जातात, म्हणून ब-12 चं इंजेक्शन ते स्वतः देणार. पोटॅशियम तिचं सध्या ठीक आहे. या रोगात ते कमी झालं की मांजराची मान खाली लोंबते, पाय लटपटतात, आणि मग पोटॅशियम द्यावंच लागतं. पण कमी नसताना घातलं तर हृदयावर बेततं, म्हणून रक्त तपासल्याशिवाय नाही. माशाचं तेल पुढे देता येईल. मांजरांमध्ये त्याचा पुरावा अजून मर्यादित आहे, जास्त झालं तर जुलाब होतात, पण विचार करण्यासारखं आहे. कॉड लिव्हर ऑइल मात्र नको, त्यात अ आणि ड फार.

फॉस्फरसचं काय, हे मी दोनदा विचारलं. महिनाभर नुसतं नवं खाणं, मग पुन्हा रक्त. या टप्प्यावर फॉस्फरस 5 च्या खाली हवा. नाही उतरला तर फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध, तेही घासासोबतच, कारण ते आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला धरतं आणि शीतून बाहेर नेतं. रिकाम्या पोटी दिलं तर धरायला काही नसतंच.

आणि नवी गोष्ट घालायची ती एका वेळी एकच, मध्ये दोन आठवडे सोडून. म्हणजे काही बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळेल.

दादाला फोन केला. वाटलं होतं, त्याला राग येईल. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिचं ते खास खाणं महिन्याला किती लागतं? ते मी पाठवत जातो."

रविवार

सलाइन आता घरीच लावते. बाटली खिडकीच्या गजाला पडद्याच्या दोरीनं बांधते, आधी कोमट पाण्यात ठेवून घेते, नाहीतर ती थरथरते. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सुई आत सरकवायची. पहिल्या वेळी माझेच हात कापत होते, आत्याबाईंनी तिचं डोकं आपल्या पदरात धरलं आणि "झालं माय, झालं," म्हणत राहिल्या. आज तिनं हालचालही केली नाही. खांद्याखाली पाण्याचा उंचवटा झाला, तो घेऊन तिरकी तिरकी चालत व्हरांड्यात गेली.

पाणी घरात पाच ठिकाणी ठेवलंय. तिला आवडते मात्र ती जुनी पितळी कळशीच, तुळशीजवळची, तोंडापर्यंत भरलेली.

काट्यावर 3 किलो 140. काका म्हणाले, "वीस ग्रॅम वाढली की."

दिवसभरात खाणं 44 ग्रॅम. माशाच्या कॅप्सूल फ्रिजच्या दारात, न उघडलेल्या. पुढचं रक्त 23 तारखेला.