मागे घेताना लाइट लागते

गाडीबरोबर एक पिशवीही आली. पिशवीत दोन ऑइल कंट्रोल व्हॉल्व आणि एक कॅमशाफ्ट सेन्सर, सगळे उतरवलेले. काकूंनी ती माझ्या बेंचवर ठेवली आणि म्हणाल्या, "हे सगळं बदलून झालंय. आता काय बदलायचं राहिलंय ते तू सांग." आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. रागावलेलं गिऱ्हाईक परवडतं.

तक्रार अशी की चेक इंजिनची लाइट लागते आणि पिकअप जातो. लाइट घालवून दिली की काही दिवस ठीक, मग परत. "कधी लागते?" मी सवयीने विचारलं. "रोज नाही. पण लागते ती गाडी मागे घेतानाच," काकू म्हणाल्या. मी मान डोलावली, जॉबकार्डावर 'लाइट अधूनमधून' असं लिहिलं आणि गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला. 'मागे घेताना' हे शब्द लिहिलेच नाहीत. त्यांची किंमत मला दुपारी कळली.

कोड होता पी-००१०. इनटेक कॅमशाफ्टचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपा उघडणाऱ्या दांड्याचा, पोझिशन ॲक्च्युएटर, बँक १, सर्किट. ॲक्च्युएटर म्हणजे इथे हाच ऑइल कंट्रोल व्हॉल्व. यातला शेवटचा शब्द लोक वाचतच नाहीत. याचा शेजारी पी-००११. तो आला तर समजायचं की कॅमशाफ्ट सांगितल्यापेक्षा पुढे गेलाय किंवा पुढेच अडकलाय. तिथे तेल खराब आहे का, जाळी तुंबली आहे का, कॅमच्या टोकाचा, त्याला तेलाच्या दाबाने पुढे-मागे फिरवणारा फेजर जाम आहे का, हे बघण्यात अर्थ असतो. पण पी-००१० देताना ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, तेलाचा विचारच केलेला नसतो. तो फक्त वायरकडे बघतो. तरी या गाडीचं ऑइल दोनदा बदललं होतं.

व्हॉल्व म्हणजे मुळात एक कॉइल आणि तिच्या जोरावर आत सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा, स्पूल. कॉइलच्या एका टोकाला रिलेमधून बॅटरीचा सप्लाय कायम असतो. दुसऱ्या टोकाची अर्थिंग ईसीएम सेकंदाला शेकडो वेळा जोडतो आणि तोडतो. जोडलेला वेळ जास्त तितका स्पूल जास्त सरकतो, तेलाचा दाब फेजरच्या एका बाजूला जातो आणि कॅम पुढे-मागे होतो. अर्थिंग तोडलेल्या क्षणी ईसीएमला आपल्या पिनवर कॉइलमधून आलेला बॅटरीचा व्होल्टेज दिसायला हवा, जोडलेल्या क्षणी जवळजवळ शून्य. हे गणित जुळलं नाही की कोड येतो आणि ईसीएम व्हॉल्व चालवणं सोडून देतो. स्पूल स्प्रिंगच्या जोरावर मूळ जागी जातो, आयडल बरं राहतं, पिकअप मात्र मरतो. काकूंची तक्रार याच्याशी तंतोतंत जुळत होती.

पिशवीतले दोन्ही व्हॉल्व मोजले. एक ७.३ ओहम, दुसरा ७.४. गाडीवर बसवलेला नवा, तोही ७.४. जुन्या दोघांना बॅटरीवर क्षणभर टेकवलं तर दोन्ही 'टक्' करून सरकले. म्हणजे दोन चांगले व्हॉल्व काढून तिसरा चांगला बसवला होता.

मग व्हॉल्वच्या वायरींचा कपलर (प्लग) काढला, चावी ऑन केली, सप्लायच्या पिनवर मल्टिमीटर लावला. १२.४ व्होल्ट. वा. कंट्रोल वायर ईसीएमच्या पिनपर्यंत मोजली, अर्ध्या ओहमच्या आत. बॉडीला कुठे शॉर्ट नाही. फ्यूज ठीक, रिले ठीक. मीटरचे प्रोब गुंडाळत मी मनात हिशेब केला: व्हॉल्व चांगला, सप्लाय चांगला, वायर चांगली, मग राहिलं कोण? जॉबकार्डाच्या खालच्या ओळीवर पेनने लिहिलं, 'ईसीएम?' आणि प्रश्नचिन्ह जरा बारीकच काढलं.

दुसरी गाडी आत घ्यायची होती, म्हणून कपलर बसवून आमच्या पोराला म्हटलं, ही बाहेर लाव. त्याने रिव्हर्स टाकला, गाडी हातभर मागे गेली आणि आतून ओरडला, "लाइट लागली!"

कोड मी थोड्याच वेळापूर्वी पुसला होता. फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाची नोंद, काढली: वेग ३ किलोमीटर, इंजिन ११५० आरपीएम, कूलंट ९१ अंश. माझ्या हातात स्कॅनर आणि कानात सकाळचं वाक्य. ईसीएमला रिव्हर्सशी काय वैर असणार? पण इंजिनला असतं. हे इंजिन आडवं बसवलेलं. पुढे जाताना ते माउंटांवर, म्हणजे त्याच्या रबरी बैठकांवर, एका बाजूला कलतं, मागे जाताना दुसऱ्या. चाकांना जितका जोर लावतं, तितकाच उलटा जोर स्वतः खातं.

बॉनेट उघडलं, पोराला हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच द्यायला लावला. मी गाडीच्या बाजूला उभा राहिलो. (पुढे किंवा मागे उभं राहायचं नाही, हे त्यालाही त्याच दिवशी समजावलं.) पहिल्या गिअरमध्ये इंजिन थोडंसं हललं. रिव्हर्समध्ये मात्र चार बोटं उचललं गेलं आणि इंजिनच्या वरच्या झाकणावरून जाणारं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखं ताणलं. खालच्या माउंटचं रबर फाटलेलं होतं. शिवाय ब्रॅकेटवर हार्नेसच्या क्लिपचं भोक रिकामं. मागे कधीतरी टायमिंग चेनचं काम झालं होतं. त्या वेळी क्लिप तुटली असावी आणि हार्नेस ब्रॅकेटच्या पुढून न्यायच्या ऐवजी मागून नेलं होतं. तेवढ्यानेच त्याची ढील संपली.

पण मीटरने १२.४ का दाखवलं? कारण मीटरची आतली रोधकता १० मेगाओहम, तो करंट जवळजवळ ओढतच नाही. सडलेल्या वायरमधूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतो. व्हॉल्वला मात्र ७.४ ओहमच्या हिशेबाने पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो. माझ्या ड्रॉवरमध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आहे, दोन वायरी डाख देऊन जोडलेला. तो साधारण तेवढाच करंट खातो. हे मला माहीत होतं, वर्षानुवर्षं माहीत आहे, आणि तरी सकाळी मी मीटरवर भागवलं.

बल्ब सप्लायच्या पिनला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला लावला. झक्क पेटला. हार्नेस वर ओढलं, तर नारिंगी झाला, मिणमिणला, विझला. हात तसाच ताणून ठेवला, पोराला बल्ब काढून मीटर लावायला सांगितलं. १२.१. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मीही मीटरकडेच बघत होतो.

टेप सोलली. वायर बाहेरून नवी वाटावी अशी. दोन बोटांत धरून इंच इंच दाबत गेलो, तर ब्रॅकेटच्या वळणावर एका जागी ती एकदम लुळी पडली, आत कणाच नसल्यासारखी. ब्लेडने इन्सुलेशन चिरलं तर हिरवी भुकटी सांडली. आतल्या तारा सगळ्या तुटलेल्या, तुटकी टोकं एकमेकांना टेकून उभी. इंजिन जागेवर असेपर्यंत टेकलेली, रिव्हर्स टाकला की वेगळी.

दुरुस्ती सांगण्यासारखी नाही. काळवंडलेलं तांबं संपून चकचकीत लागेपर्यंत वायर मागे कापली, त्याच जाडीचा तुकडा जोडला, हीटश्रिंक चढवली, हार्नेस ब्रॅकेटच्या पुढून ढील देऊन नेलं, क्लिप बसवली. माउंट नवीन टाकला. त्याच्याशिवाय नवी वायरही कधीतरी गेलीच असती. मग पोराने आवारात इतक्या वेळा गाडी मागे घेतली की शेवटी त्यालाच गरगरायला लागलं. स्कॅनरवर कॅम सांगितलेल्या अंशाच्या मागोमाग हलत होता, कोड नाही.

संध्याकाळी काकू आल्या. मी तुटलेल्या वायरचा तुकडा दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी सांगत होते ना, मागे घेताना?"

"सांगत होता."

"आधीच्या दोन्ही गॅरेजमध्ये पण सांगितलं होतं."

जॉबकार्ड बेंचवरच होतं. 'ईसीएम?' मी खोडला होता, पण पेनने लिहिलेलं, वाचता येत होतं. काकूंनी चष्मा वर करून ते वाचलंच.

"हे काय?"

"दुपारपर्यंत मला वाटत होतं ते."

त्यांनी पिशवी उचलली, आतले दोन्ही व्हॉल्व एकदा खुळखुळवले आणि ती गाडीत ठेवली.

"हे चांगले आहेत म्हणालास ना? मग राहू देत."

बाहेर पडताना त्यांनी गाडी मागे घेतली. मी आणि पोरगा, दोघंही डॅशबोर्डकडे बघत होतो.