वॉर्सात रिकाम्या डब्यांच्या मागे एक रविवार

पदकं नाही हं, पदकांचे डबे. पोलंडमधे सरकारी सन्मान ज्या डबीत घालून देतात त्या डब्या जमवायचा नाद मला लागलाय, बायको म्हणते दागिना सोडून डबी आणणारा हा एकटाच. ऑफिसच्या कामाला वॉर्साला गेलो होतो, रविवार मोकळा मिळाला, मग सकाळी सकाळी ओबोझोवा रस्त्यावरचा जुना बाजार गाठला, त्याला बाझार ना कोले म्हणतात. ट्राम जवळ सोडते. लवकर जा, आणि सुट्टे झ्लॉटी खिशात ठेवा, घासाघीस करताना हातात रोख दिसली की फरक पडतो. 'पुस्ते पुदेउको' म्हणजे रिकामी डबी, एवढे दोन शब्द पाठ करून गेलो आणि दिवसभर तेवढ्यावर निभावलं. पहिला विक्रेता हसला, मग टेबलाखालून अख्खं खोकं काढलं, त्यात लाल डब्याच डब्या!

आता मुद्द्याचं. झाकणावरचा गरुड आधी बघा. कम्युनिस्ट काळातल्या गरुडाला मुकुट नाही, 1989 च्या शेवटाला तो परत आला. मी हे माहीत असून फसलो, मुकुटवाल्या डबीत क्रॉस ऑफ मेरिट (पोलंडचा एक सरकारी सन्मान) होता म्हणून खूश होऊन घेतला आणि हॉटेलवर येऊन बघतो तर क्रॉसच्या मधोमध पीआरएल ही अक्षरं, पीआरएल म्हणजे कम्युनिस्ट काळातलं पोलंडचं नाव, म्हणजे क्रॉस जुन्या राजवटीचा! जोडी बहुतेक कुणीतरी मागाहून लावलेली. पण उलट बाजूने घाई करू नका, 1952 पर्यंतच्या क्रॉसवरही आजच्यासारखीच आरपी (पोलंडचं प्रजासत्ताक) अक्षरं असायची, त्यामुळे आरपी दिसलं की नवीन असं नसतं. आतला खाचा पदकाला नीट बसतो का, अस्तराला ताज्या गोंदाचा वास येतोय का, बिजागरी मूळची वाटते का हे तिथेच बघा, लाजू नका. पदक ज्याला दिलं त्याच्या नावाचं छोटं पुस्तक (लेगितिमात्स्या) सोबत मिळालं तर डबीला खरी गोष्ट मिळते, मला एकच मिळालं.

पदक विकत घेणं वेगळं आणि छातीवर लावून मिरवणं वेगळं, हक्क नसताना लावलं तर तिकडे दंड होऊ शकतो. फार जुनी, महाग वस्तू असेल तर देशाबाहेर न्यायला परवाना लागतो का ते आधी विचारा.

दुपारी वॉर्सातलंच कोल्हापूरचं स्मारक बघून आलो, दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडेच्या छावणीत राहिलेल्या पोलिश निर्वासितांच्या आठवणीचं, आम्ही कोल्हापूरचे म्हटल्यावर तिथे न जाऊन कसं चालेल.

पॅकिंगला वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते. साधा पांढरा कागद घ्या आणि डब्या हँडबॅगेतच ठेवा. घरी आल्यावर सिलिका जेलच्या पुड्या टाका, आपल्या पावसाळ्यात ते पुठ्ठे फुगतात, माझी पहिली डबी अशीच गेली. त्या चुकीच्या जोडीतला क्रॉस आता वेगळा काढलाय, त्याला बिनमुकुटाची डबी शोधतोय.