आमची वाटचाल : भोंगा गावाकडून बांध्यांकडे

मंडप ठरवायला कोणी आलं की तारीख, भाडं, मंचाची लांबी-रुंदी यांच्या आधी मी एकच विचारतो, "ठराव झाला का?" काही जणांना राग येतो. "परवानगीचं आमी पाहून घेऊ जी, तुमी सामानाचं सांगा," म्हणतात. त्यांना मी चहा पाजतो आणि ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल घेऊन या असं सांगतो. या एका प्रश्नापायी दरवर्षी आमची चार-दोन बुकिंगं जातात. तरी तो प्रश्न सोडायचा नाही, असं आम्ही घरात बसून ठरवलं आहे. ते का ठरवलं, हीच आमच्या धंद्याची गोष्ट.

आमचा धंदा मंडप, बिछायत, लाइट आणि साउंडचा. गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. वैनगंगा ओलांडली की पलीकडे वडसा, म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं माहेर. हंगामाच्या तोंडावर गावोगावची मंडळं तिथे जातात, कंपनी ठरवतात, बयाणा देतात आणि परतताना आमच्याकडे येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत हे चालतं. धान कापून झालं, बांधी, म्हणजे धानाचं शेत, वाळली की त्याच बांधीत मंच उभा राहतो. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पाखरं बोलायला लागली की संपतं. त्या दिवशी घराघरात पाव्हणे असतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. तिकिटाच्या पैशातून कुठे देवळाचा सभामंडप होतो, कुठे शाळेची भिंत. २०२३ साली झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या गोदामात पोरांनी पेढे वाटले होते. ज्या रात्रींवर आमचं पोट आहे, त्या रात्रींचा तो मान होता.

बाबांनी सुरुवात केली १९८८ मध्ये. दोन गॅसबत्त्या, सहा ताडपत्र्या, नागपूरहून आणलेला जुना अहुजाचा अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे. सामान बैलबंडीवर जायचं, बाबा मागून सायकलवर. आमच्याकडच्या नाटकात माइक नटाच्या डोक्यावर दोरीने टांगलेला असतो. संवाद आला की नट त्याच्याखाली येतो. मंचापुढे खाली पेटीवाला, तबलजी आणि प्रॉम्प्टर. बाबा त्यांच्याच शेजारी बसायचे, एक हात मशीनच्या बटणावर आणि एक माइकच्या दोरीवर. उंच नट आला की दोरी वर, लहान पोर आलं की खाली. वीस वर्षांत त्यांनी एकाही नटाला माइक शोधू दिला नाही.

त्यांची एक गोष्ट मात्र मी डोळे झाकून पुढे चालवली. भोंगा उंच बांबूवर बांधायचा आणि त्याचं तोंड गावाकडे करायचं. तीन गावांना आवाज गेला पाहिजे, ही तेव्हाची शान होती. आवाज ऐकून माणसं बंड्या जुंपून यायची, तीच जाहिरात. मी धंदा हातात घेतला तेव्हा भोंगे दोनाचे आठ झाले, आणि मंडईच्या रात्री एकाच गावात दोन-दोन, तीन-तीन नाटकं लागायला लागली. शेजारच्या मंडपाचा आवाज आपल्या मंडपात येऊ नये म्हणून आपला वाढवायचा. तोही वाढवायचा.

२०१२ च्या हंगामात पहिला फटका बसला. शेजारच्या तालुक्यातलं एक गाव. दुसरा अंक रंगात आलेला, साडेबारा झालेले. पोलीस ठाण्याची गाडी आली, माइक बंद करा म्हणाली. मंडळाने अर्ज दिला होता, पण लेखी परवाना कोणाच्याच हातात नव्हता. 'साहेबांशी बोलणं झालंय' एवढ्यावर सगळा कारभार. तिकीट काढून बसलेली माणसं उठली, खुर्च्या फिरल्या, आमचं मिक्सर पालथं झालं. कंपनीला अर्धे पैसे मिळाले, आम्हाला काहीच नाही. त्या रात्री मला राग आला तो गाडी आली म्हणून नाही. जो निर्णय महिनाभर आधी दिवसाढवळ्या व्हायला हवा होता, तो मध्यरात्री दोन हजार माणसांसमोर झाला, याचा तो राग होता.

मग मी ब्रह्मपुरीच्या एका वकिलांकडे जाऊन नियम समजून घेतला. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १२ पर्यंत सूट देता येते, आणि त्यातले बरेच दिवस गणपती-नवरात्रातच जातात. सभागृह, समाजमंदिर अशा बंदिस्त जागेत, आतल्या माणसांपुरता आवाज ठेवला तर रात्रीही हरकत नाही. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. माइकचा परवाना ग्रामपंचायत देत नाही, तो अधिकार तिचा नाही. तिच्याकडे जागा आहे आणि ना हरकत आहे. बांधीतला कनातीने वेढलेला मंडप बंदिस्त धरायचा की उघडा, यावर वकील बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, "आवाज बाहेर गेला नाही तर हा प्रश्न कोणी विचारणार नाही." मी ते ऐकलं, घरी आलो, आणि पुढची दोन वर्षं भोंगे होते तसेच बांधत राहिलो.

डोळे उघडले २०१४ च्या मंडईत, आमच्याच गावात. रात्रीचे दोन वाजले असतील. मी मिक्सरवर होतो. शाल पांघरलेली एक म्हातारी बाई येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. मला वाटलं, नाटक बघायला जागा शोधते आहे. काही वेळाने ती वाकून म्हणाली, "भाऊ, घरी बाळंतीण हाय जी. पोट्टं निजत नाई, तिचंबी अंग फणफणलं. थो भोंगा जरासा तिकडं फिरवता का?" तिचं घर मैदानापासून तीसेक पावलांवर, आणि भोंगा अठरा फुटांवर तारेने आवळून बांधलेला, नेमका त्या घराकडे तोंड करून. चालू नाटकात तो उतरवायचा म्हणजे कामगार वर चढवायचा, लाइन बंद करायची. मी म्हणालो, "मावशी, आता झालंच, दोन तासांत पहाट होते." ती काही बोलली नाही. दोन पावलं मागे सरली, भोंग्याकडे एकदा पाहिलं आणि अंधारात निघून गेली.

सकाळी सामान सोडताना मी स्वतः त्या बांबूवर चढलो. वरून तिचं दार दिसत होतं. भोंग्याच्या तोंडातून पाहिलं तर दुसरं काही दिसतच नव्हतं.

२ ऑक्टोबर २०१५ च्या ग्रामसभेत हा विषय आला. एरवी १५ टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यातला लहान आकडा गाठतानासुद्धा ग्रामसेवकाची दमछाक व्हायची. त्या दिवशी समाजमंदिरात जागा पुरली नाही, आमच्याच सतरंज्या बाहेर अंथरल्या. बायका जास्त होत्या. त्याच वर्षी १ एप्रिलला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झालेली, त्यामुळे त्या बोलायला बिचकत नव्हत्या. पहिला आवाज नाटक बंद करा असाच होता. नाटक वाईट असं कोणी म्हणत नव्हतं. नाटकाच्या आडोशाने झंडीमुंडीचा जुगार बसतो, मोहाची दारू येते, पहाटे पोरी अंधारातून घरी येतात, याचा तो संताप होता. मंडळाची पोरं तापली. नाटक बंद तर मंडई बंद, देवळाचं काम बंद. एकाने विचारलं, वर्षातून एक रात्र जागायला काय होतं? तेव्हा ती म्हातारी उठली. आवाज चढवला नाही. "एक रात नाई भाऊ, तीन नाटकं मंजे तीन भोंगे. आमी नाटक पायतोच ना. पण ज्याले निजाचं हाय त्याले निजू द्या." एवढं बोलून बसली.

मला बोलायचं नव्हतं, पण उभा राहिलो. गेल्या वर्षी त्या माउलीला मी जे उत्तर दिलं ते चुकलं, हे सभेत सांगितलं. मग धंद्यातलं जे कळतं ते मांडलं. मंचाची पाठ गावाकडे आणि तोंड बांध्यांकडे ठेवायचं. उंचावरचे भोंगे काढायचे, त्याऐवजी पेट्या, म्हणजे बॉक्स स्पीकर, जमिनीलगत आणि प्रेक्षकांकडे वळवून. मागच्या कनातीला तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे लावायची सूचना आली, आवाज अडेल म्हणून. ती आम्ही नको म्हटली. बिडीची एक ठिणगी आणि सगळा मंडप जाईल.

तीन तास चाललं. शेवटी ठराव झाला तो असा. एका रात्री एकच नाटक, फार तर दोन, पण गावाच्या दोन टोकांना. मैदान घरांपासून दूर, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडे. नाटक मंडपाच्या आतच ऐकू यायला हवं. मंडळाने ठाण्याचा लेखी परवाना आठ दिवस आधी पंचायतीच्या फलकावर लावायचा, नाही लावला तर जागा नाही. मैदानापासून गावापर्यंतच्या वाटेवर पहाटेपर्यंत दिवे, आणि बायकांसाठी वेगळी मोरी. कोंबडबाजार, झंडीमुंडी दिसली तर पुढच्या वर्षी त्या मंडळाला ना हरकत नाही. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू झाली की दहावीची संपेपर्यंत एकही नाटक नाही. सूचक एक बचत गटाची बाई, अनुमोदक मंडळाचा अध्यक्ष. हा अध्यक्ष दुपारपर्यंत सगळ्यात मोठ्याने भांडत होता.

आमचा खर्च वाढला. बँकेचं सहा लाखांचं कर्ज काढून पेट्या, नवीन मिक्सर आणि वाटेच्या दिव्यांसाठी जादा जनरेटर घेतला. भोंगे भंगारात दिले, एक ठेवला. बाबा पहिल्या रात्री मंडपाबाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, "ऐकू येत नाही रे." मला कळेना की हे दुःख आहे की शाबासकी. मग तेच म्हणाले, "आत जाऊन बसतो," आणि सगळं नाटक बसून पाहिलं. इतक्या वर्षांत मशीनपासून दूर बसून त्यांनी पाहिलेलं ते पहिलंच नाटक असावं.

मधली वर्षं लवकर सांगून टाकतो. २०१४ च्या न्यायालयाच्या निकालाने शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद होते, म्हणून पटाच्या रात्रीची नाटकं बुडाली. करोनात हंगामच गेला, दोन कामगार सुरतला गेले ते परतले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये पटांना परवानगी मिळाली आणि गर्दी एकदम वाढली. त्याच वर्षी जिल्ह्यातली दारूबंदीही उठली होती. पुष्कळ गावांत तेव्हा रात्रीचे वाद पुन्हा सुरू झाले. ज्या गावात ठराव होता तिथे मंडळाला काय करायचं ते माहीत होतं. चहा-भज्यांच्या टपऱ्यांचा प्रश्नही असाच आला. २०१७ च्या कायद्याने दुकानं, खानावळी रात्रभर उघडी ठेवता येतात, दारूची सोडून. टपरीवाले तो कागद घेऊन सभेत आले आणि सभेने मान्य केलं, फक्त टपऱ्या वाटेवरच्या दिव्याखाली लावायला सांगितल्या.

आता हंगामात आमच्याकडे बावीस माणसं असतात. रात्री काम केलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठवायचं नाही आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी, हे मी पाळतो. झोप गेलेला माणूस बांबूवर चढवणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. नाटक सुरू झालं की एक पोरगा आवाज मोजायचं यंत्र घेऊन जवळच्या पाच घरांच्या अंगणात जातो आणि आकडे वहीत लिहितो. मंडळाने मागितलं तर ती वही आम्ही ठाण्यातही दाखवतो. शेजारच्या गावांनी आमचा ठराव नेला, आपापल्या सोयीने बदलला. एका गावाने तर नाटक पहाटे चारलाच संपलं पाहिजे असं लिहिलं, कारण सकाळी धानाच्या चुरणीला, म्हणजे मळणीला, माणसं लागतात. कंपनीने एक गाणं कमी केलं.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावची काही पोरं परीक्षेची अट सैल करा असा विषय आणणार आहेत. पट फेब्रुवारीत आहे, मोठी कंपनी त्याच तारखेला मोकळी आहे, आणि मंडप आमचाच ठरायचा आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही, गेल्या दोन वर्षांत मंडळ तोट्यात आहे. तरी मी विरोधात हात वर करणार आहे, हे त्यांना आधीच सांगून आलो. नाटक परीक्षेनंतर घ्या, आमचं भाडं निम्मं, असंही बोललो. त्यांनी कंपनीला फोन लावला आहे, तारखेची वाट बघतो आहोत.