तूप बंद करू का?

मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. ओळखीत कुणाला स्तनाचा कर्करोग निघाला की फोन येतो, "ताई, कोलेस्टेरॉलने गाठ वाढते म्हणतात, तूप बंद करू का?"

ऐकीव गोष्ट आहे, पण अगदीच बिनबुडाची नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डोनाल्ड मॅकडॉनेल यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. त्यात खरा गुन्हेगार कोलेस्टेरॉल नव्हता, तर त्यापासून शरीरातच तयार होणारा २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हा पदार्थ होता. तो चक्क इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या खुर्चीत जाऊन बसतो. ही खुर्ची म्हणजे पेशीतला इस्ट्रोजेन रिसेप्टर; त्याला वाटतं, हार्मोन आलं. पेशी वाढू लागते. हा पदार्थ बनवणारं एन्झाइम उंदरांतून काढून टाकल्यावर कोलेस्टेरॉलचा हा परिणाम ओसरला. माणसांच्या जास्त आक्रमक गाठींमध्ये हे एन्झाइम अधिक आढळलं, म्हणजे गाठ आपलं खत स्वतःच तयार करू शकते.

म्हणून मी उलट विचारते, गाठीच्या रिपोर्टवर ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, काय आहे? ईआर पॉझिटिव्ह असेल तर ही गोष्ट तुमची. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर आणि एचईआर२ या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) असेल तर हा रिसेप्टरच नाही, मग ही वाटही लागू नाही. आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण बरंच आहे, तरी हा प्रश्न आधी कुणी विचारत नाही.

आता तूप. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं. वरणभातावरच्या चमचाभर तुपाने त्यात फार फरक पडत नाही. वाटीभर खात असाल तर हृदयासाठी कमी करा, एवढंच.

मग स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या? डेन्मार्कमधल्या अठरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्या बायकांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण नोंदी म्हणजे चाचणी नव्हे. गोळ्या घेणाऱ्या बायका एरवीही तब्येतीला जास्त जपत असतील. म्हणून तिथेच अटोरव्हास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन आणि औषध नसलेली खोटी गोळी यांची तुलना करणारी मोठी चाचणी सुरू झाली. केवळ कर्करोगासाठी म्हणून मनाने स्टॅटिन सुरू करू नका.

एक मात्र करा. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल अशी हार्मोनची गोळी देतात. टॅमॉक्सिफेनने कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, लेट्रोझोलने तसं होत नाही. गोळी बदलली असेल तर लिपिड प्रोफाइल ही कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी करून रिपोर्ट कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. आकडा वाढलेला दिसला म्हणून हार्मोनची गोळी मात्र त्यांना न विचारता थांबवू नका.