बॉयलरवाल्याची नवी शिकवणी

गरम पाणी फिरवून घर ऊबदार ठेवणारे बॉयलर २२ वर्षे बसवल्यानंतर मी, तेच काम विजेवर करणाऱ्या हीट पंपाच्या प्रशिक्षणवर्गात पुन्हा बाकावर जाऊन बसलो. पाइप कापणे, वाकवणे, जोडणे, गळती शोधणे यांत आम्हा सगळ्यांचेच हात तयार होते; मोडायची होती ती अंदाजाने काम उरकण्याची सवय.

घरातून एक फेरी मारायची आणि लागेल त्यापेक्षा थोडा मोठाच बॉयलर लावून मोकळे व्हायचे, ही आमची जुनी रीत. बॉयलर ७०-८० अंशांचे पाणी सोडत असल्याने अंदाज चुकला तरी घर तापते आणि चूक झाकली जाते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, त्यामुळे पाणी जितके कमी तापवावे लागेल तितकी वीज कमी लागते. ३५ अंशांच्या पाण्यासाठी एका युनिट विजेत चार युनिट उष्णता देणारे यंत्र ५५ अंशांसाठी अडीच युनिटांवर घसरू शकते. म्हणून भिंती, खिडक्या, छत आणि फटी यांतून निसटणाऱ्या उष्णतेचा खोलीनिहाय हिशेब मांडावा लागतो. सरावाच्या पहिल्या घरासाठी मी १२ किलोवॉटचे यंत्र सुचवले होते. हिशेबात उत्तर साडेसहा आले. मी बेरीज दोनदा तपासली.

रेडिएटरचे, म्हणजे आतल्या गरम पाण्याची ऊब खोलीत सोडणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याचेही तेच. खोली २० अंशांवर असताना ७० अंशांचा रेडिएटर जेवढी उष्णता देतो, त्याच्या जेमतेम ४० टक्के तो ४५ अंशांवर देतो. तेव्हा काही रेडिएटर मोठे करणे ओघानेच आले. शिवाय बॉयलरकडे पाणी सुमारे २० अंशांनी निवून परतते, तर हीट पंपाकडे साधारण ५ अंशांनी, म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी चौपट पाणी फिरवावे लागते. आठ किलोवॉटसाठी मिनिटाला सहा लिटरांऐवजी २३ लिटर पाणी जुन्या बारीक पाइपांतून ढकलायचे, हे नुसते ऐकूनच आमच्यातले काही जण हसले होते.

एका दमट, गारठलेल्या सकाळी अंगणातल्या यंत्राच्या जाळीवर पांढरे बर्फ साचले, पंखा थांबला, खालून पाणी ठिबकू लागले आणि वाफेचा लोट उठला. आमच्यापैकी दोघे बटण बंद करायला धावले. यंत्र स्वतःचे बर्फ वितळवत होते, इतकेच. दहाएक मिनिटांत पंखा पुन्हा फिरू लागला.

मला खरी धास्ती वाटली ती प्रोपेनची. अनेक नव्या यंत्रांत शीतक म्हणून, म्हणजे यंत्राच्या आत फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ म्हणून, तोच असतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, पण शीतकाच्या प्रोपेनला सहसा तो नसतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो. गळती नाकाने ओळखण्याची आमची सगळी कमाई इथे निरुपयोगी, म्हणून गळतीशोधक उपकरण जवळ हवे आणि तळघराच्या झरोक्यापासून किंवा गटाराच्या तोंडापासून यंत्र लांब हवे.

वर्ग संपल्यावर पहिल्याच घरी मालकीणबाईंनी रेडिएटरला हात लावला आणि संशयाने विचारले, “अहो, हे चालू आहे ना? कोमटच लागतंय.” मीही सवयीने हात लावून पाहिला आणि मग पिशवीतून खोलीचा तापमापक काढून त्यांच्यासमोर धरला. तो २१ अंश दाखवत होता.