पिवळी कड गेली कुठे?

स्नेक प्लांट, म्हणजे ताठ, जाड, तलवारीसारख्या पानांची कुंडीतली झाडे, जमवायला लागलो तेव्हा पानावरचे पट्टे पाहून जात ओळखता येते, अशी माझी भाबडी समजूत होती. ती मोडली माझ्याच कुंडीत. माझ्याकडे ‘लॉरेंटी’ होते, म्हणजे गडद नागमोडी पट्ट्यांच्या पानाला दोन्ही बाजूंनी पिवळी कड असणारा, सर्वांच्या परिचयाचा प्रकार. त्याच्या एका पानाचे बोटभर लांबीचे तुकडे केले, काप सुकून खपली धरेपर्यंत ते चार दिवस सावलीत ठेवले आणि उलटा रोवलेला तुकडा मुळे धरत नाही म्हणून प्रत्येकाच्या वरच्या टोकाला तिरपा छेद देऊन खूण केली. एवढी काळजी घेऊनही दोन तुकडे पाण्याच्या अतिरेकाने कुजले. तो दोष सर्वस्वी माझा. उरलेल्यांतून पाच-सहा महिन्यांनी कोंब वर आले, वीतभर वाढले, पण एकाही पानाला पिवळी कड नव्हती.

आपल्याला भलतेच झाड विकले गेले, असे मला कित्येक दिवस वाटत होते. खरी गोष्ट अशी की लॉरेंटीच्या पानात दोन वेगळ्या जातकुळीच्या पेशी शेजारी-शेजारी नांदतात; हरितद्रव्य नसलेल्या पेशींची पिवळी कड होते आणि पानाच्या तुकड्यातून फुटणारा कोंब बहुधा हिरव्या पेशींपासूनच घडतो. कड टिकवायची असेल तर जमिनीखालच्या आडव्या खोडासकट फुटवा वेगळा करावा लागतो. त्यानंतर मी तसेच करतो, आणि त्या फुटव्यांची कड शाबूत आहे.

एका परिचिताने ती हिरवी पिल्ले पाहून ही ‘झेलॅनिका’, म्हणजे स्नेक प्लांटची दुसरीच जात, असे ठामपणे सांगितले. बाजारात पिवळी कड नसलेल्या कुठल्याही हिरव्या झाडावर हे नाव सर्रास चिकटवले जाते, आणि त्यांतली बरीचशी झाडे प्रत्यक्षात ट्रायफॅसिएटाच, म्हणजे लॉरेंटी ज्या जातीतला प्रकार आहे त्याच जातीची, असतात. अस्सल झेलॅनिकाचे पान पन्हाळीसारखे खोलगट असते. माझ्या पिल्लांच्या पानांवरून बोट फिरवले तर बुडाशी थोडी खोबण लागे आणि वर पान सपाट होत जाई. कोवळ्या रोपावरून निदान करण्यात आणखी एक धोका आहे: पुढे लांब नळीसारखी पाने येणाऱ्या सिलिंड्रिका या तिसऱ्या जातीची सुरुवातीची पाने आखूड आणि खोबणीची असतात. म्हणून आता रोप प्रौढ होईपर्यंत मी नाव पेन्सिलीनेच लिहितो.

नावांचाही एक घोळ आहे. 1903 साली वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी सान्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा असे नाव दिलेली ही वनस्पती 2017 पासून ड्रासिना ट्रायफॅसिएटा झाली, कारण जनुकीय अभ्यासात सान्सेव्हिएरिया हा ड्रासिनाच्याच कुळवृक्षातला एक फाटा ठरला. संग्राहकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव आहे, त्यामुळे मी कुंडीतल्या नावाच्या पट्टीवर दोन्ही लिहितो.

मूळ लॉरेंटीला यंदा प्रथमच फुलांचा दांडा आला. फिकट हिरवट-पांढरी फुले रात्री उमलली, त्यांना मंद गोड वास होता आणि देठांशी मधाचे चिकट थेंब साचले होते. ज्या झुबक्याला फूल आले त्याला आता नवे पान येणार नाही, फुटवे तेवढे येत राहतील. हिरव्या पिल्लांच्या पट्टीवर ‘लॉरेंटीच्या पानापासून, कड हरपली’ एवढेच आहे.